चव न बघता केलेल्या चहाबद्दल, आमच्या एल्डर काका-काकूंना

एल्डर काका, सिस्टर काकू, नमस्कार.

हे मराठीत लिहितेय, तुम्हाला यातलं एक अक्षर कळणार नाही हे माहीत असून. इंग्लिशमध्ये तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा ते कंपनीच्या मेलसारखं झालं, म्हणून पुसून टाकलं. फोनमध्ये घालून जे काय ट्रान्सलेट होईल ते होईल, निदान आपली माणसं तरी वाचतील.

वाचणाऱ्यांना थोडं सांगते. आम्ही घानामध्ये अक्राला राहतो, स्पिंटेक्स रोडच्या आतल्या बाजूला, नवरा टेमाला फॅक्टरीत आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये हे अमेरिकेतल्या आयडाहोचं जोडपं, दोघंही सत्तरीला टेकलेले, काकांच्या छातीवर काळी पाटी, तिच्यावर एल्डर आणि पुढे आडनाव. महिनाभर मला वाटत होतं एल्डर हे त्यांचं नावच आहे, म्हणून मी खुशाल एल्डर काका म्हणायला लागले. मग कळलं की यांच्या चर्चमध्ये, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते, मिशनवर आलेल्या अठरा वर्षांच्या पोरालासुद्धा एल्डरच म्हणतात, आणि बाईला सिस्टर. तोपर्यंत काका चिकटलं होतं ते चिकटलं.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मी तुम्हाला टाळत होते काका. चर्चचं मिशन म्हटल्यावर सासूबाईंनी फोनवरून बजावलं होतं, जपून राहा गं. आता आम्ही मिरजेचे, मिशन म्हणजे आमच्यासाठी वॉनलेसचं मिशन हॉस्पिटल, 1894 पासूनचं, माझा जन्मच तिथला. तरी मनात शंका होतीच की आज ना उद्या हे त्यांचं धर्माचं पुस्तक काढणार. पुस्तक निघालं, पण मीच विचारल्यावर. निळ्या कव्हरचं, अजून फळीवर आहे, वाचलं नाही, तुम्ही पण परत कधी विचारलं नाहीत. मिरजेचं सांगितलं तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात की ते प्रेस्बिटेरियन, वेगळं चर्च, आम्ही नव्हे, उगाच दुसऱ्याचं क्रेडिट नको.

तुमचा दिवस मी गॅलरीतून बघायचे. सकाळी ऊन चढायच्या आत दोघं कंपाउंडला फेऱ्या मारणार, मग पिकअपमध्ये पाना, नळाचे वायसर, मच्छरदाण्या, पाण्याचे फिल्टर असलं सगळं भरून निघणार. कारण काय तर मिशनवरची ती पांढऱ्या शर्टातली पोरं जिथे जिथे राहतात त्या खोल्या तपासायच्या, पॉलिटँक, म्हणजे पाण्याची प्लास्टिकची टाकी, गळतोय का, फ्रिज चालतो का, आणि मुख्य म्हणजे पोरं नीट जेवतायत का. काकू केळ्याचा केक करून न्यायच्या आणि यायच्या ते बटण तुटलेले दोन-चार शर्ट घेऊन. सोमवारी कपडे धुणं आणि बाजार. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी द्यायचे, हे ऐकून मी म्हटलं आमच्या चतुर्थीपेक्षा बरंय, आम्ही उपासाला दुप्पट खातो. रविवारी रात्री नातवंडांना व्हिडिओ कॉल, इकडे रात्रीचे नऊ तेव्हा तिकडे दुपारचे दोन-तीन, एक नातू तर तुम्ही इथे असतानाच झाला, तो पहिल्यांदा स्क्रीनवरच बघितलात.

मी आपल्या सवयीने विचारलं होतं, पगार किती मिळतो. दोघं इतके हसलात. एक पैसा नाही, उलट तिकडची बटाट्याची शेती मुलाकडे सोपवून स्वतःच्या खर्चाने दीड वर्ष आलेले. काका सांगायचे की घानात त्यांच्या चर्चचं काम अधिकृत सुरू झालं 1978 च्या शेवटी, तेव्हा पहिली आली ती पण दोन वयस्कर जोडपीच, मेबी आणि कॅनन. आणि त्याच्याही आधी, 1964 पासून केप कोस्टला बिली जॉन्सन नावाचा इथलाच माणूस नुसतं तेच पुस्तक वाचून मंडळी जमवून बसला होता. "आम्ही आलो तेव्हा देव आधीच पोचला होता," असं काका म्हणायचे, मला आवडायचं ते.

आता जानेवारी. हरमटानची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची धूळ, त्यात नवऱ्याला ताप, आम्हाला वाटलं धुळीचा. नेहमीचा मलेरिया इथे सगळ्यांना होतो हो, पण हा डोक्यात गेला, माणूस मला ओळखेना. पुढचं हॉस्पिटल, इंजेक्शनं, इन्शुरन्स हे सगळं लिहीत नाही, परत आठवायचं नाहीये मला.

पण त्या रात्री कोण कोण नव्हतं ते लिहिते, नाव न घेता. ज्या कंपनीसाठी हा माणूस अडीच वर्षं रविवार बघत नव्हता तिथल्या साहेबांनी ड्रायव्हर पाठवतो म्हणून सांगितलं, तो ड्रायव्हर आजपर्यंत यायचाय. आपल्या लोकांच्या ग्रुपवर टाकलं तर एक्केचाळीस हात जोडलेले आले, आणि "काहीही लागलं तर हक्काने सांग". हक्काने सांगितलं तर फोन उचलायला कुणी नाही. गणपतीला ह्याच लोकांसाठी मी एकशे एक मोदक वळले होते, हे मनातून जात नाही, लहान मन म्हणा हवं तर.

लेकीला वॉचमनच्या बायकोने न विचारता पाठीला बांधलं आणि म्हणाली जा तू. काकांनी पिकअप काढली. तीन रात्री काका कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते, गुडघा दुखत असताना. तेवढ्याचेच आभार मानायचे तर तेही जन्मभर पुरतील. पण मला सारखा आठवतो तो चहा.

तुम्ही लोक चहा पीत नाही. कॉफी नाही, चहा नाही, 1833 पासूनचा तुमचा नियम आहे. सोमवारी माझ्याकडे आलात तर काकू गरम पाण्यात लिंबू पिळून घ्यायच्या आणि मी माझा चहा उकळत असायचे, त्या बघत असायच्या, मला वाटायचं सहज बघतायत. तर हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, लाईट गेलेली, जनरेटरचा आवाज, आणि काकू थर्मास घेऊन उभ्या. अक्रातल्याच ओसू भागातल्या इंडियन दुकानातून आदल्या संध्याकाळी चहापावडर आणलेली. सत्तर वर्षांत ज्या बाईच्या घरात चहाचा डबा आला नाही तिने, पातेल्यात आल्याचा अख्खा तुकडा टाकून, डब्यातलं बिनसाखरेचं घट्ट दूध घालून, चहा केला होता. रंग विटेसारखा, कडू जहर, आणि साखर घालायचीच राहिलेली. आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत विचारतात, "बरोबर जमलाय का? मला चव बघता येत नाही ना."

आमच्याकडे नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव बघत नाहीत काकू. आजी आमटीत मीठ घालायची ते हाताच्या अंदाजाने, आणि नैवेद्य दाखवून पहिला घास खाईपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. अगदी तसाच चेहरा होता तुमचा. मी मान हलवली, दोन कप प्यायले, आणि रात्रभर जे आलं नव्हतं ते रडू तिथे आलं. तुम्हाला वाटलं नवऱ्याच्या काळजीने रडतेय.

माझ्यासाठी प्रार्थना केली असेलच तुम्ही, मला सांगितलं नाहीत. धर्म बदल म्हणाला नाहीत, चर्चला ये म्हणाला नाहीत, नवरा घरी आल्यावर मीच एका रविवारी आपणहून येऊन बसले, ब्रेडचा तुकडा आणि घोटभर पाणी सगळ्यांना देतात ते बघितलं, गाणी ऐकली, घरी आले आणि देवाला दिवा लावला. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, साखरेचं सांगितलंस का गं त्यांना? नाही सांगितलं. मिशन संपवून परत जाताना तुम्ही तो चहापावडरीचा डबा मला दिलात, थोडाच संपलेला, सोबत नवी गाळणी.

नवरा आता ठणठणीत आहे, कंपनी बदलली. लेक काळी पाटी लावलेलं कुणीही दिसलं की काका म्हणून हाक मारते, विशीतली ती पोरं लाजतात.

आणि काका, तुम्ही माझ्या बाबांच्या उसाचे फोटो बघून ड्रिपबद्दल इतकं विचारलं होतंत, ते बाबा दर फोनला चौकशी करतात. बटाटा लावून झाला का, आणि यंदा तिकडे पाणी कसंय.