पहाटे चारला फोन उचलणारा माणूस द्या

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी होतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. दिवसा पाण्यातले हिरवे प्लवंग, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, प्राणवायू तयार करतात, रात्री मात्र मासे, गाळातले जिवाणू आणि तेच प्लवंग मिळून तो वापरतात. सलग दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहिले, की दिवसाची जमा घटते आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. मग पहाटे रोहू, कटला वर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला तर काळजी नसते, पण तो ३ च्या खाली गेला की मासा अडचणीत येतो. पंप लावून पाणी उडवायचे, बाहेरून ताजे पाणी सोडायचे की आजचे खाद्य बंद ठेवायचे, हे त्याच घटकेला ठरवावे लागते. आणि त्या घटकेला आपल्या खात्याची सगळी कार्यालये बंद असतात.

दळणवळणाचे तंत्रज्ञान आता खेड्यात पोचले आहे, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती माहिती एकाच दिशेने वाहते याची. वरून संदेश येतात : योजना, अर्जाची मुदत, बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडण्यापूर्वी घ्यायची काळजी. वाचून होतात. खालून वर काही जात नाही, आणि शेजारच्या तळ्याकडे तर मुळीच जात नाही. तंत्रज्ञान म्हटले की आधी ॲप निघते. त्याच्या उद्घाटनाला आपल्याला बोलावतीलच. जरूर जा, पण ते पहाटे चार वाजता उत्तर देते का, हे तेवढे विचारा.

रोगाचे उदाहरण घ्या. अंगावर लाल चट्टे उठून खोल जखमा करणारा व्रणाचा रोग १९८८ मध्ये भारतात शिरला. पाणबुरशीमुळे होणारा हा रोग पाणी थंडावते तेव्हा जोर करतो आणि पाण्यातून, माशांतून, ओल्या जाळ्यांतून एका तळ्यातून दुसऱ्यात जातो. पहिल्या तळ्यात व्रण दिसल्याची खबर वेळेवर मिळाली, तर बाकीचे आपल्या तळ्यात येणारे पाणी अडवू शकतात, उसनी जाळी परत पाठवू शकतात, मत्स्यबीज घेणे थांबवू शकतात. ही खबर द्यायला साधा फोन पुरतो.

तरी ती दिली जात नाही, कारण खबर देणाराच आधी बुडतो. व्यापारी त्याच्या तळ्याकडे फिरकत नाही, शेजारी त्याच्यावर खापर फोडतात, आणि खाते चौकशीला येईल ही भीती वेगळीच. म्हणून तो गप्प बसून मेलेले मासे पुरतो. हे गुपित मोबाईलने फुटणार नाही, साहेब. खबर देणाऱ्याचे नाव बाहेर जाणार नाही आणि त्याला चौकशीऐवजी आधी मदत मिळेल, असा आदेश आपल्या सहीने निघाला तरच ते फुटेल. कोणाचे तळे हे इतरांना कळायची गरज नाही. कोणत्या ओढ्याच्या काठावर रोग दिसला, एवढे पुरे.

मत्स्यशेतकऱ्यांचे आपापसातले व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, आणि त्यांतल्या माहितीचाही भरवसा नाही. मासे वर आले असे कोणी लिहिले, की पाच मिनिटांत कोणीतरी 'चुना टाका' म्हणून मोकळा होतो. ज्या पाण्यात अमोनिया साचला आहे आणि सामू (पीएच) आधीच चढलेला आहे, तिथे चुन्याने सामू आणखी चढतो आणि त्याच अमोनियाचा मोठा भाग विषारी रूपात जातो. चुना टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ग्रुपमध्ये 'थांब, आधी सामू किती ते सांग' म्हणणारा जाणकार नसतो, आणि असला तरी शेतकऱ्याजवळ सामू मोजायचा संच नसतो. पाणी हिरवट दिसते, मासे सुस्त आहेत, एवढ्यावर कोणता तज्ज्ञ काय सांगणार? गावातल्या चार-पाच तळ्यांमागे एक तपासणी संच ठेवला, तरी फोनवरच्या बोलण्याला आकड्यांचा आधार येईल.

लोकांनी एकमेकांशी बोलून काय साधते, याचा पुरावा केरळच्या किनाऱ्यावर आहे. १९९७ ते २००१ या काळात तिथे मोबाईल पोचला आणि मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांवरचा भाव विचारू लागले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढलेला, ग्राहकाला पडणारा भाव ४ टक्क्यांनी उतरलेला आणि मासळी फेकून द्यायची वेळ जवळजवळ संपलेली दिसली. त्यात सरकारी ॲप नव्हते. तळेवाल्याची बाजू तर याहून भक्कम आहे. समुद्रातली मासळी त्याच दिवशी विकावी लागते, तळ्यातला मासा मात्र जाळे टाकेपर्यंत जिवंत असतो. भाव आधी कळला तर जाळे चार दिवसांनी टाकता येते. एकदा ओढले, की मग व्यापारी सांगेल तो भाव.

आणखी एक गोष्ट. खाद्य टाकणे, पाण्यावर नजर ठेवणे ही कामे बऱ्याच घरांत बाई करते, आणि नोंदणीतला क्रमांक मात्र नवऱ्याचा असतो. संदेश त्याच्या खिशात आणि मासे तिच्या समोर. तिचाही क्रमांक नोंदवा आणि सल्ला लेखी पाठवण्याऐवजी बोलून पाठवा, म्हणजे हात ओले असतानाही ऐकता येईल.

मागणी माणसांची आहे. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन अनुभवी मत्स्यशेतकऱ्यांना मानधन देऊन पहाटेच्या फोनवर बसवा. त्यांच्या पाठीशी खात्याचा एक अधिकारी असा द्या, ज्याला त्या वेळी उठवले तर राग येणार नाही. आलेला प्रश्न आणि दिलेले उत्तर, दोन्ही आवाजातच जपून ठेवा आणि नाव वगळून आसपासच्या सगळ्या तळ्यांना ऐकवा. महागड्या यंत्रणेची वाट पाहू नका. पुढच्या हंगामाची बोटुकली तळ्यात पडण्याआधी निदान एका तालुक्यात हे सुरू करा, आणि तालुका निवडताना जिथे मोबाईलची रेंज जेमतेम मिळते असाच निवडा.

आपला,
एक मत्स्यशेतकरी