‘देवाने सांगितलं’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिलं होतं, की धर्म देवघरात ठेवावा, व्यवहारात आणू नये. मी ख्रिस्ती आहे, आमच्याकडे देवघरच नाही, त्यामुळे ठेवायचा कुठे हा पहिला प्रश्न. पण त्यांचा रोख कळला आणि अर्धा पटलाही. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

आमचं घराणं मूळ नगरचं. आजोबा इंदूरला आले आणि इथलेच झाले. (नगरचं आता अहिल्यानगर झालं, म्हणजे आम्ही अहिल्याबाईंच्या एका गावातून दुसऱ्या गावात आलो, असं मी नातवंडांना सांगतो.) रविवारची उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत, आणि भांडण ज्या भाषेत आधी सुचेल तिच्यात.

माझी बरीच वर्षं सियागंजात किराण्याच्या घाऊक पेढ्यांवर हिशेब लिहिण्यात गेली. आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, लेवीय नावाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात ‘शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ असं आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच अध्यायाच्या शेवटी तागडी खरी ठेवा, वजनं-मापं खरी ठेवा, असंही आहे, ते कोणी पाठ करत नाही. तेव्हा धर्माला बाजारात मी नेलं नाही, तो आधीपासूनच तिथे तराजूपाशी उभा होता.

एका पेढीवर दोन वह्या होत्या, एक पक्क्या बिलांची, एक कच्च्याची. दुसरी लिहायला मी नकार दिला. शेठजी भला माणूस, रागावले नाहीत. म्हणाले, “आप मत लिखो बाबूजी, मुनीमजी लिख देंगे. आप बस जोड लगा दो.” आणि मी सहा महिने बेरजा करून दिल्या. अक्षर माझं नव्हतं, एवढ्या समाधानावर रात्री झोपही लागायची. नंतर ते समाधान पुरेना, तेव्हा नोकरी सोडली. चार महिने घरी होतो, मग दुसरीकडे कमी पगारावर लागलो.

पुढे एकदा मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, साक्ष द्यायची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, पाळी आली. मी उभा राहून सांगितलं, की प्रभूने एक दार बंद केलं आणि दुसरं उघडलं. पाळकसाहेबांनी मान डोलावली, लोकांनी ‘आमेन’ म्हटलं. त्या साक्षीत दोन गोष्टी नव्हत्या. एक, त्या सहा महिन्यांच्या बेरजा. दुसरी, बायकोचं शिवणयंत्र. त्या चार महिन्यांत घर चाललं ते शेजारणींच्या ब्लाउजांवर. घरी येताना ती एवढंच म्हणाली, “दार उघडलं खरं, पण तोवर पायडल कोण मारत होतं?”

तेव्हापासून ‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य ऐकलं की मी जरा सावध होतो. आमच्यात ते फार स्वस्त झालं आहे. कित्येक घरांत बायबलातल्या वचनांच्या चिठ्ठ्यांची एक छोटी डबी असते. सकाळी एक चिठ्ठी काढावी, दिवसभर तिचं मनन करावं, इतकी साधी आणि चांगली रीत. पण घर घ्यायचं, लग्न ठरवायचं, नोकरी बदलायची वेळ आली की मनासारखं वचन निघेपर्यंत तीन-तीन चिठ्ठ्या काढणारे भाविक मी पाहिले आहेत. मीही काढल्या आहेत. ठरवतो आपणच, वर शिक्का देवाचा मारतो. कारण त्या शिक्क्यापुढे घरात कोणी बोलू शकत नाही.

आमच्यातल्या थोरांचंही हे चुकलेलं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. कवी म्हणून, ख्रिस्तभक्त म्हणून त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण त्या निर्णयानंतरची ताटातूट त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोसली, तीही काही वर्षं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मधला. आणि त्यांचा बदल सुरू झाला तो खाण्यापिण्यापासून : जात देवाने केलेली नाही असं त्यांच्या मनाने घेतलं आणि कोणाच्याही हातचं खायचं असं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. नवऱ्याचा निर्णय मोठा की बायकोचा, हे आपण ठरवू नये. पण मला रोजच्या जगण्यात वाट दाखवते ती लक्ष्मीबाईंचीच.

इंदूरकर म्हणून आणखी एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक धर्मभगिनी उदयनगरच्या बाजूला आदिवासींमध्ये काम करत. सावकारी पाशातून लोक सुटू लागले हे काहींना खुपलं, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदुरात राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. आम्ही प्रॉटेस्टंट, पण त्या दिवशी हा भेद कोणाला आठवला? मला त्यात क्षमेइतकीच राखी महत्त्वाची वाटते. केरळच्या एका धर्मभगिनीला क्षमा करायला इथलाच धागा सापडला. आणि ती राखी हत्येनंतर लगेच नव्हे, काही वर्षांनी बांधली गेली. मधली वर्षं कशी गेली असतील, हे कोणत्याही साक्षीत मावायचं नाही.

तर त्या वाचकांना माझं म्हणणं असं, की श्रद्धा व्यवहारात आणावीच, फक्त तिची किंमत दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, पंधराव्या अध्यायात, यरुशलेमेतली एक बैठक आहे. यहुदी नसलेल्यांनी सुंता करावी की नाही यावर मोठा वाद झाला, आणि शेवटी पत्रात त्यांनी लिहिलं, की पवित्र आत्म्याला ‘आणि आम्हांला’ हे योग्य वाटलं. ते ‘आम्हांला’ प्रेषितांनी लपवलं नाही. आपण का लपवावं?

सध्या आमच्या घरात असाच एक प्रश्न आहे. मुलाला पुण्यात चांगली नोकरी चालून आली आहे. सून इथल्या शाळेत शिकवते, तिची आई एकटी असते आणि गुडघ्यांनी घरात अडकली आहे. परवा मुलाने विचारलं, “बाबा, प्रभूची इच्छा काय असेल?” मी म्हटलं, मला विचारण्याआधी बायकोला विचारलंस का? तो गप्प झाला. आज रात्री जेवणानंतर सगळे बसणार आहोत. प्रार्थना मी करीन, छोटी. डबी कपाटातच राहील. आणि पहिल्यांदा सून बोलेल, असं तिच्या सासूने ठरवून टाकलं आहे.

आपला,
एक वाचक, छावणी, इंदूर
(त्या पेढीवरची मंडळी अजून भेटतात, रामराम होतो. म्हणून नाव छापू नये ही विनंती.)