आधी त्याची शाळा विचार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रातर्फे तू वकिलांबरोबर नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात जाणार हे कळल्यापासून बाबा जरा धास्तावलेत. मला मात्र मनापासून बरं वाटलं. ज्या कैद्याला भेटणार आहेस त्याच्याबद्दल तू परवा विचारलंस, "आई, तो म्हणतो मी काही केलंच नाही. विश्वास ठेवू का?" फोनवर धड उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसले.

माणसाशी माणसासारखं वागायला तो निर्दोष असल्याची खात्री लागत नाही गं. तू तिथे न्यायाधीश म्हणून जात नाहीस. त्याने केलं असेल, नसेलही. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घे, आणि मग निकालपत्र ओळन् ओळ वाच. नुसतं ऐकून भारावून जाऊ नकोस, आणि नुसता निकाल वाचून त्याच्यावर फुलीही मारू नकोस.

आपल्याच राज्यातला एक खटला बघ. २००३ च्या जूनमध्ये एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. पकडले गेले ते भटक्या जमातीतले सहा मजूर. सत्र न्यायालयाने सगळ्यांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीचीच शिक्षा सुनावली. आता याच्या वर कुठलं न्यायालय, असंच कुणालाही वाटलं असतं. पण पुनर्विलोकनात तेच प्रकरण पुन्हा उघडलं, आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून चार जणांचे फोटो ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हतेच, आणि त्यांना कधी अटकही झाली नाही! गोरगरीब, भटके म्हणून यांना गोवलं गेलं असण्याची शक्यता न्यायालयानेच निकालात नोंदवली आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आयुष्यातली सोळा वर्षं गेली ती गेलीच. त्या बाईंचं दुःखही विसरू नकोस. चुकीची माणसं आत बसली म्हणजे तिच्या घरावर आलेली माणसं मोकळीच राहिली.

त्या सहांतला एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी सुनावल्यावर कितीतरी वर्षांनी सिद्ध झालं. इथे माझ्यातली मुख्याध्यापिका जागी होते. पुण्यात १९९४ साली झालेल्या हत्याकांडातल्या एकाचं असंच. फाशीची शिक्षा झालेला तो मुलगा घटनेच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेतली जन्मतारखेची नोंद सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ग्राह्य धरली, आणि अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत काढून तो तुमच्या नागपूरच्याच तुरुंगातून सुटला. शाळेचं जनरल रजिस्टर म्हणजे काय चीज असते ते मला विचार! दाखल क्रमांक, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शाळा सोडल्याचं कारण. पोट भरायला गाव सोडणाऱ्यांच्या मुलांच्या नावापुढे त्या शेवटच्या रकान्यात "सतत गैरहजर" एवढंच असतं. पण जन्मतारीख असते. आणि अल्पवयीन असल्याचा मुद्दा कायद्याने खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, अगदी शेवटचा निकाल लागल्यावरही मांडता येतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

म्हणून कागदांचा पिच्छा सोडू नकोस. निकालाची प्रत त्याच्या हातात आहे का? ती त्याला कुणी त्याच्या भाषेत समजावून सांगितली का? अपील झालंय की नुसतं "झालंय" असं कुणीतरी सांगितलंय? निकालाची प्रत कैद्याला वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे, गरिबाला अपिलासाठी वकील दिला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच हॉसकोट प्रकरणात सांगून ठेवलंय, आणि तो खटलाही महाराष्ट्रातलाच. तरीसुद्धा आपला वकील कोण हे माहीत नसलेली माणसं आत असतात. हे ऐकलं की माझा जीव तुटतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नकोस. "तुम्ही नक्की सुटाल" असं त्याला म्हणू नकोस. त्या वाक्यावर माणूस महिनोन् महिने जगतो, आणि तारीख पडली की खचतो. त्यापेक्षा पुढची भेट कधी ते सांग आणि त्या दिवशी जा. परीक्षा असेल तर आधी पत्र टाक. पत्र साधं लिही, पाऊस झाला का, कापसाला काय भाव मिळाला, असं. तुरुंगात पत्रं उघडून वाचतात, तेव्हा खटल्याचं काही त्यात नको, ते वकिलांसमोरच बोला. त्याच्या बायकोला मुलाखतीला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने यावं लागतं, आणि जाळीपलीकडून मिळतात थोडी मिनिटं. ती का येत नाही, असं त्याला चुकूनही विचारू नकोस. तिची खुशाली मात्र त्याच्यापर्यंत पोचव.

तो मूर्तिजापूरकडचा आहे म्हणालीस ना? पहिल्या भेटीत गुन्ह्याचं काही विचारू नकोस. गाव कोणतं, कितवीपर्यंत शिकला, शाळा कोणती, गुरुजी कोण होते, एवढं विचार आणि वकिलांच्या संमतीने मला कळव. त्या भागातल्या बऱ्याच शाळांत माझ्या ओळखी आहेत. त्याच्या घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन मी अर्ज करते आणि रजिस्टरचा उतारा काढून आणते.

तुझी,
आई