जलसुरक्षेची वही नागनदीच्या काठावर लिहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय मी शिकवते. गेल्या वर्षी प्रकल्पवह्या तपासायला घेतल्या तर ४० पैकी ३१ मुलांनी गंगेच्या प्रदूषणावर लिहिलेलं, तेही एकमेकांचं बघून. नागपुरातल्या आमच्या शाळेपासून नागनदी चालत दहा मिनिटांवर आहे. तिचं नाव एकाही वहीत नव्हतं.

नदीवर जाऊ म्हटलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, नाल्यात कायले जाचं?” मला फार वाईट वाटलं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, तेव्हाही ही पोरं ‘नाल्याले पूर आला’ असंच म्हणत होती.

ऑक्टोबरात दोन शनिवार काढले. पहिल्यांदा शहराच्या पश्चिमेला, लाव्ह्याच्या टेकड्यांकडे, जिथून नाग निघते. पायाच्या घोट्याइतकं पाणी. एका मुलीने दगड उलटवला तर खाली मातकट, सहा पायांचा किडा चिकटलेला. हे चतुराचं पिल्लू, पंख फुटेपर्यंत पाण्यातच राहतं, असं सांगितलं तर कुणी मानेना. पांढऱ्या ट्रेमध्ये सोडलं. थोड्या वेळाने त्याने खालचा ओठ झपकन लांब काढून एक बारकी अळी ओढून घेतली. त्यानंतर ट्रेपाशी मला जागा उरली नाही.

दुसरा शनिवार शाळेजवळच्या पुलापाशी. इथे सांडपाणी आहे, म्हणून मुलं वर काठावर आणि हातमोजे घालून लांब दांड्याची जाळी मी धरलेली. गाळात लालभडक, वळवळत्या अळ्या निघाल्या. दुसरा जीव दिसला नाही. या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन जवळपास संपलेल्या पाण्यातही त्या तगतात. चतुराच्या पिल्लाचा तिथे निभाव लागत नाही. एवढं कळल्यावर वेगळं व्याख्यान लागलं नाही. तोच मागच्या बाकावरचा मुलगा विचारता झाला, “मंग हे पानी जाते कुठं?” नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगेवर गोसीखुर्द धरण. वर्गातल्या एकीचं आजोळ त्या धरणाजवळच्या पवनीकडे आहे. ती घरी जाईपर्यंत गप्प होती.

माझं शिक्षण विभागाला आणि मुख्याध्यापकांना कळकळीचं सांगणं आहे की जलसुरक्षेचा प्रकल्प आपल्याच ओढ्या-नदीचा असावा. महिन्यातून एकदा, वर्षभर त्याच जागी जाऊन मुलांनी पाण्याचा रंग, वास, तापमान, पीएच आणि सापडलेले जीव लिहावेत. घोषवाक्यांच्या स्पर्धा आपण पुष्कळ घेतल्या. ‘नीरी’सारखी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षातून एकदा या वह्या चाळल्या तर मुलांना केवढा हुरूप येईल!

सामान फारसं लागत नाही. पीएचच्या पट्ट्या आणि थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेत असतातच. अडतं ते परवानगीपाशी. मी आधी होते त्या शाळेत ‘पालक तक्रार करतील’ म्हणून मला दोनदा थांबवलं होतं. यंदा मी पालकांनाच सोबत बोलावलं. सात जण आले, आणि पुलापाशी मुलांना आवरायला त्यांचीच मदत झाली.

नोव्हेंबरची नोंद घ्यायची आहे. आसपासच्या शाळांनी आपली मुलं जरूर पाठवावीत. जाळी आणि ट्रे आमच्याकडे आहेत.

– एक विज्ञान शिक्षिका, नंदनवन, नागपूर