पाच दिवस काही उगवलं नाही, त्याबद्दल

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तापाने ॲडमिट होतात तेव्हाच्या रक्ताच्या कल्चरबद्दल परवा फोनवर बाबा म्हणाले, "दोन्ही हातांतून बाटल्या भरून रक्त नेलं, पाच दिवस ठेवलं आणि शेवटी काय, तर काही सापडलं नाही. पैसे पाण्यात." मी सांगायला लागले, तेवढ्यात आईने स्पीकर लावला, मागे कुकरच्या शिट्ट्या, मग शेजारच्या काकू आल्या आणि विषय पावसावर गेला. म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, वाचून झालं की हे रिपोर्टच्या फायलीत लावून ठेव, डिस्चार्ज कार्डाच्या मागे.

बाबा, ज्या बाटल्यांवर तुमचा राग आहे, तसल्या बाटल्या मी लॅबमध्ये रोज हाताळते. रक्तात जंतू आहेत का, ते उगवून बघायचं, याला कल्चर म्हणतात. त्यात रक्त पेरतात, असं म्हटलं तरी चालेल. बाटलीत जंतूंना मानवेल असं पातळ खाणं असतं. त्यात रक्त घातलं की बाटली मशीनमध्ये जाते, अंगाएवढ्या उबेत. जंतू वाढायला लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि बाटलीच्या बुडाशी असलेला हिरवट ठिपका पिवळा पडत जातो. मशीन दर दहा मिनिटांनी तो ठिपका बघतं. हे सगळं पाच दिवस. तेवढ्यात काही उगवलं नाही तर 'नो ग्रोथ' लिहून आम्ही बाटली बाहेर काढतो.

आता एवढं रक्त कशाला, ते आईला लगेच कळेल. पोत्यात दोन-चार खडे असले तर मूठभर गहू निवडून ते हाती लागत नाहीत, सूपभर घ्यावे लागतात. मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू शिरलेले असतात तेव्हाही एका मिलीलिटरमध्ये कित्येकदा एखादाच मिळतो, कधी तोही नाही. म्हणून एका बाटलीला ८ ते १० मिली लागतं. शुगर बघायला बोटाचा एक थेंब पुरतो, तो हिशेब इथे चालत नाही. आणि दोन्ही हातांतून घेतलं त्याचं कारण आपली कातडी. तिच्यावर निरुपद्रवी जंतू कायम असतात, सुईबरोबर बाटलीत जातात. तसला जंतू एकाच हाताच्या बाटलीत उगवला तर बहुतेक वेळा तो कातडीवरचा असतो. दोन्हीकडे तोच निघाला तर गोष्ट वेगळी. सिस्टरने हात पुसून वाळेपर्यंत थांबवलं म्हणून तुम्ही कुरकुरलात ना? तिचं बरोबर होतं. ओल्या कातडीत सुई घालणाऱ्यांचे नमुने आम्हाला लांबून ओळखता येतात.

गेल्या महिन्यात माझ्या रात्रपाळीत अडीच वाजता एक बाटली वाजली, म्हणजे तिच्यात काहीतरी उगवतंय असा मशीनने इशारा दिला. मशीनमध्ये घालून जेमतेम अकरा तास झाले होते. थेंबभर काढून काचपट्टीवर पसरला, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलने धुतलं, मग गुलाबी. हान्स क्रिश्चन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये ही रंगवायची रीत शोधली, थोड्या फरकाने आम्ही अजून तीच वापरतो. सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे बारीक गुलाबी काड्या, म्हणजे जंतूच. वॉर्डला फोन केला, समोरच्या डॉक्टरने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला, आणि त्याच रात्री औषध बदललं. कुठला जंतू ते दुसऱ्या दिवशी कळलं, कुठल्या औषधाने मरतो ते तिसऱ्या दिवशी. त्या पेशंटचं वय तुमच्याएवढंच होतं, बाबा.

तुमच्या बाटलीने यातलं काहीच का सांगितलं नाही? माझं मत स्पष्ट लिहिते, रागावू नका. पहिल्या दिवशी हुडहुडी भरली तेव्हा तुम्ही मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. लाल रेघवाली स्ट्रिप होती, ती रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणूनच छापलेली असते. तिसऱ्या दिवशी विडाल नावाची टायफॉईडची रक्ततपासणी केली, ती 'पॉझिटिव्ह' आली, टायफॉईड म्हणून आणखी गोळ्या. विडाल टायफॉईडचा जंतू शोधतच नाही. त्याच्याविरुद्ध अंगात तयार झालेली प्रतिद्रव्यं बघते, आणि ती आपल्याकडे जुन्या आजाराचीही निघतात. तापाच्या तिसऱ्या दिवशीच्या एकट्या विडालवर मी तरी काडीचा भरवसा ठेवत नाही. पाचव्या दिवशी तुम्ही ॲडमिट झालात, तेव्हा कुठे बाटल्या भरल्या. तोवर गोळ्यांनी रक्तातले जंतू अर्धमेले केले होते. बाटलीत उगवण्याएवढे उरले नव्हते, आजार टिकवण्याएवढे होते. लघवीच्या कल्चरचंही तेच झालं. शुगर, प्रोस्टेट आणि सोनोग्राफीत सुजलेली किडनी बघता जंतू लघवीच्या वाटेनेच रक्तात गेले असणार. पण नाव हाती नाही, म्हणून डॉक्टरांना अंदाजाने भारी इंजेक्शनं द्यावी लागली.

"पांढऱ्या पेशी तर नॉर्मल होत्या," हे तुमचं दुसरं म्हणणं. होत्या, ९,८००. पण उतारवयात अंगात जंतू असूनही त्या वाढत नाहीत, असं पुष्कळदा होतं. सीआरपी, म्हणजे सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन, १८६ होतं ते विसरू नका. वर्कशॉपला तुम्ही म्हणायचात, काटा लालवर गेला म्हणजे इंजिन तापलंय एवढंच कळतं, पाणी कुठे गळतंय ते खाली वाकूनच बघावं लागतं. सीआरपी हा तसला काटा आहे. सूज कशानेही आली तरी लिव्हर ते बनवतं. प्रोकॅल्सिटोनिन हा रक्तातलाच दुसरा काटा त्याहून बरा, जंतूंच्या आजारात ते जास्त चढतं आणि औषध लागू पडलं की दिवसाला साधारण निम्मं होत उतरतं. तुमचं १४ वरून तिसऱ्या दिवशी ४ वर आलं, तेव्हा मी इथे पहिल्यांदा पोटभर जेवले. पण जंतूचं नाव यातला कुठलाच आकडा सांगत नाही.

आणि आई, ॲडमिट करायच्या आदल्या रात्री बाबांनी तुला 'अक्का' म्हणून हाक मारली, ते तू मला दोन दिवसांनी हसत सांगितलंस. तापात माणूस असं बरळायला लागला, श्वास भराभर चालला, लघवी कमी झाली की जंतूंचा मार सगळ्या शरीरावर बसतोय असं समजायचं. तेव्हा कुठल्या रिपोर्टची वाट बघायची नाही, रात्र असली तरी रिक्षा बोलवायची. दवाखान्यातही अशा वेळी आधी बाटल्या भरून घेतात आणि लगेच सलाईनमधून औषध सुरू करतात, बाटली वाजेपर्यंत कोणी थांबत नाही. रक्त काढण्यात फार वेळ जात असेल तर औषध आधी.

एरवी साधा ताप असेल तर पॅरासिटामॉल घ्या आणि मला फोन करा. हुडहुडी भरली तर थेट डॉक्टरांकडे जा. त्यांनी अँटिबायोटिक लिहिलं तर पहिली गोळी घेण्याआधी "रक्ताचं कल्चर पाठवायचं का?" एवढं विचारा. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही, आणि रागावलं तर माझा नंबर द्या.

फ्रीजवरच्या डब्यात उरलेल्या गोळ्या आहेत, मला माहीत आहे. टाकू नका आणि घेऊही नका. गणपतीला येते तेव्हा डबा मीच उपसते. तोवर थर्मामीटरचा सेल तेवढा बदलून घ्या, गेल्या वेळी तो ९४ दाखवत होता.

तुमची,
ताई