मुंबईतील बास्केटबॉलपटूंसाठी संध्याकाळची कोर्ट हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिलांच्या बास्केटबॉलची बातमी आपल्याकडे येते ती बहुधा ऑलिंपिकच्या पंधरवड्यात, आणि तीही अमेरिकेच्या सुवर्णपदकापुरती. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला बेल्जियमला हरवून कांस्यपदक मिळवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या संघात ४३ वर्षांची लॉरेन जॅक्सन होती, हे अनेकांच्या नजरेतून निसटले असल्यास नवल नाही. तिच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध मुंबईतील क्रीडा संघटकांनी, शाळाचालकांनी आणि महापालिकेने जरा बारकाईने पाहावा, यासाठी हा पत्रप्रपंच.

पूर्वार्ध थोडक्यात सांगता येतो. जॅक्सनचा जन्म १९८१ चा, न्यू साउथ वेल्समधील ऑल्बरीचा; आई आणि वडील दोघेही ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले. अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये २००१ साली सिॲटल स्टॉर्मने तिला पहिल्या क्रमांकाने निवडले. २००४ आणि २०१० मध्ये विजेतेपद, २००३, २००७ आणि २०१० मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान, २००६ मध्ये जगज्जेतेपद, २००० ते २००८ या काळात ऑलिंपिकची सलग तीन रौप्यपदके आणि २०१२ मध्ये कांस्य. ही यादी कोणीही पाठ करावी. तिच्यामागची झीज मात्र यादीत दिसत नाही. अमेरिकेतील महिलांचा हंगाम उन्हाळ्यापुरता असतो आणि तिथले मानधन पुरुषांच्या तुलनेत फारच तुटपुंजे. त्यामुळे उरलेले महिने यांतील अनेकजणी परदेशी क्लबांकडून खेळत आल्या आहेत. जॅक्सनही दक्षिण कोरिया, रशिया आणि स्पेनमध्ये खेळली. गुडघ्याच्या दुखापतीने अखेर २०१६ मध्ये तिला निवृत्ती घ्यावी लागली.

माझ्या मते खरी कारकीर्द इथून पाहण्यासारखी आहे. दोन मुलांची आई झालेली ही बाई २०२२ मध्ये पुन्हा खेळू लागली ती थेट राष्ट्रीय संघात नव्हे, तर ऑल्बरी-वोडोंगा या आपल्याच गावच्या क्लबकडून, एका अर्धव्यावसायिक प्रादेशिक लीगमध्ये. नोकरी, शिक्षण, घर सांभाळून खेळणाऱ्या प्रौढ स्त्रियांसाठी अशी लीग आधीपासून चालू होती, म्हणून तिला परतायला जागा होती. त्याच वर्षी सिडनीच्या विश्वचषकात कांस्यपदकाच्या लढतीत तिने कॅनडाविरुद्ध ३० गुण केले आणि ऑस्ट्रेलियाने तो सामना ९५-६५ असा जिंकला. वय ४१. पॅरिसच्या पदकाचा गाजावाजा अधिक झाला असेल, पण तिथे तिच्या वाट्याला मैदानावरची मिनिटे फार आली नव्हती; मला सिडनीची ती संध्याकाळ अधिक मोलाची वाटते.

आता मुंबईकडे पाहू. वस्तीतल्या कोर्टवर खेळाडू कसा घडतो, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला. मुलींच्या बाबतीत मात्र शाळा आणि महाविद्यालयापर्यंत सारे सुरळीत चालते आणि पदवीच्या परीक्षेबरोबर खेळही आटोपतो. पुढे टिकतात त्या प्रामुख्याने क्रीडा कोट्यातून रेल्वेत नोकरी मिळालेल्या. ऑस्ट्रेलियातील क्लबकडून खेळलेली आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांच्या चाचण्यांना गेलेली गीतू ॲना जोस हीसुद्धा दक्षिण रेल्वेचीच. रेल्वेचे हे ऋण मान्य करूनही विचारावेसे वाटते की, बँकेत, शाळेत किंवा खासगी कार्यालयात काम करणाऱ्या तिशीच्या खेळाडूने सराव करायचा कुठे?

मी स्वतः आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळलेली आहे. आमच्या भागातील एका शाळेच्या आवारात उत्तम कोर्ट आहे. शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते. दुसरे एक कोर्ट सोसायटीचे. तिथे फ्री थ्रोच्या रेषेवर मोटारी उभ्या असतात, रिंगला जाळी नाही आणि पावसाळा सरला तरी सिमेंटवरचे शेवाळ कोणी खरवडत नाही. अशा जमिनीवर रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू पकडण्यासाठी, उडी मारून खाली येणे म्हणजे गुडघा पणाला लावणे होय. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुळातच स्त्री खेळाडूंमध्ये पुरुषांपेक्षा बरेच जास्त असते. उडीनंतर पाय टेकताना गुडघे आत वळू न देणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणे, असा सराव नियमित केल्यास हा धोका कमी होतो. पण नियमित सरावाला नियमित जागा लागते. महिन्यातून एखाद्या रविवारी, कोणाच्या ओळखीने फाटक उघडून तो होत नाही.

मागणी मोठी नाही. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या आवारातील कोर्ट आठवड्यातून किमान तीन दिवस सायंकाळी सात ते नऊ या वेळेत अठरा वर्षांवरील महिलांसाठी राखून ठेवावीत. दिव्यांचे बिल आणि रखवालदाराचा खर्च माफक मासिक वर्गणीतून भागवता येईल, आणि ती भरायला आमच्यासारख्या पुष्कळजणी तयार आहेत. कपडे बदलायला एक खोली आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह एवढे त्यात धरावे, कारण अनेकींना कार्यालयातून परस्पर यावे लागेल. जिल्हा संघटनेने या केंद्रांमध्ये वयाची अट नसलेली एक साखळी स्पर्धा सुरू करावी आणि तिचे सामने शनिवारी-रविवारी ठेवावेत. येत्या पावसाळ्यानंतर कोर्ट दुरुस्तीची कामे निघतील, तेव्हाच हा निर्णय झाल्यास सोयीचे होईल.

आपली विश्वासू,
एक माजी आंतरमहाविद्यालयीन खेळाडू,
माटुंगा, मुंबई