कर्लिंगच्या बातमीत पदकाआधीची वर्षंही येऊ द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

हिवाळी ऑलिंपिक आलं की क्रीडा पानाच्या एका कोपऱ्यात कर्लिंगला चौकट मिळते आणि तिचा मथळा बहुधा ‘बर्फावर झाडू मारण्याचा खेळ’ असा काहीसा असतो. खेळ आपल्या वाचकांना नवा आहे, तेव्हा ओळख करून द्यायला अशी ओळ लागते हे मला मान्य आहे. माझी तक्रार पुढची आहे. त्या चौकटीत खेळाडूचं नाव येतं ते पदक मिळालं तरच. इव्ह म्युरहेड हे नाव 2022च्या फेब्रुवारीत जगभर छापून आलं, कारण बीजिंगमध्ये ब्रिटनला मिळालेलं एकमेव सुवर्णपदक तिच्या संघाचं होतं. मी तिचा खेळ त्याआधी कितीतरी वर्षं पाहत आले आहे. म्हणूनच सांगते, तिची कारकीर्द त्या एका सकाळीत मावत नाही.

आधी थोडं खेळाविषयी. साधारण वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड सुमारे 45 मीटर लांबीच्या बर्फावरून सोडायचा आणि समोरच्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा. बर्फ गुळगुळीत नसतो. त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवलेले असतात आणि दगड त्या दाण्यांवरून सरकतो. ज्याला आपण झाडू म्हणतो तो ब्रश पृष्ठभाग किंचित तापवतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे दगड हातातून सुटल्यावरही दोघीजणी त्याची चाल बदलत असतात, आणि किती जोर लावायचा हे काही सेकंदांत ठरवायचं असतं. स्किप म्हणजे कर्णधार. ती पलीकडच्या टोकाला उभी राहून ब्रशने नेम दाखवते आणि ओरडून सूचना देते. बहुतेक संघांत एंडचे, म्हणजे डावाचे, शेवटचे दोन दगड तिच्याच वाट्याला येतात. एका एंडला प्रत्येक संघाचे आठ दगड, आणि असे दहा एंड. सामना शेवटच्या दगडावर आला की जबाबदारी वाटून घ्यायला कुणी नसतं.

ही जबाबदारी म्युरहेडने ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उचलली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अ‍ॅथोल गावची मुलगी, वडील गॉर्डन स्वतः जागतिक स्पर्धा खेळलेले. बॅगपाइप वाजवायची. गोल्फही इतका चांगला खेळायची की अमेरिकन विद्यापीठांकडून शिष्यवृत्तीची विचारणा झाली होती. ती राहिली बर्फावर. ज्युनियर गटाचं जागतिक विजेतेपद तिने चार वेळा मिळवलं, 2007, 2008, 2009 आणि 2011 मध्ये. पण 2010च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा संघ सातवा आला. लगेच पुढच्या महिन्यात, कॅनडातल्याच स्विफ्ट करंटला, जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीकडून हार झाली. 2013 मध्ये रिगा इथे स्वीडनला 6-5 असं हरवून ती जगज्जेती झाली. 2014ला सोचीमध्ये उपांत्य सामन्यात कॅनडाच्या जेनिफर जोन्सच्या संघाने अडवलं आणि स्वित्झर्लंडला 6-5 असं हरवून कांस्य मिळालं.

आता 2018कडे येते, कारण हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तो सामना आहे. प्योंगचांग, कांस्यपदकाची लढत, समोर जपानचा सात्सुकी फुजिसावाचा संघ. ब्रिटन एका गुणाने मागे आणि सामन्याचा शेवटचा दगड म्युरहेडच्या हातात. तिने जिंकण्यासाठी कठीण फटका घेतला. दगड दगडांवर आदळले आणि सगळं थांबलं तेव्हा मध्याच्या सर्वांत जवळ जपानचा दगड होता. 5-3. तिने जाऊन प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवले. जपानच्या मुली रडत होत्या. त्यांचा आनंदही खरा होता, जपानला कर्लिंगमध्ये मिळालेलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. पण माझी नजर म्युरहेडवरून हलत नव्हती. चौथ्या क्रमांकाला पदक नसतं आणि बातमीही नसते. काही महिन्यांपूर्वी, 2017 मध्ये, हीच स्किप युरोपियन विजेतेपद घेऊन आली होती, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात होतं? एका चुकलेल्या दगडापाशी आठ-दहा वर्षांचं मोजमाप करून लोक मोकळे झाले.

त्याच वर्षी तिच्या नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. कर्लिंगमध्ये दगड सोडताना एक पाय पूर्ण वाकवून त्यावर शरीर तोलत पुढे सरकायचं असतं. लहानपणापासून तेच हजारो वेळा केलेल्या खेळाडूचा हा सांधा दुखावला, तर तिला आपली मूळ हालचालच नव्याने जुळवावी लागते. ती परतली.

आणि मग 2021. मला विचाराल तर तिच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं वर्ष हेच, जरी त्याची सुरुवात पराभवाने झाली. कॅल्गरीच्या जागतिक स्पर्धेत तिचा संघ पहिल्या सहांत आला नाही, त्यामुळे ऑलिंपिकचं थेट तिकीट हुकलं. त्यानंतर ब्रिटनच्या कर्लिंग संघटनेने ठरलेला संघ मोडून नऊजणींचा गट केला आणि त्यातून संघ निवडायचं ठरवलं. तीन ऑलिंपिक खेळलेली, जगज्जेती राहिलेली ही स्किप इतर आठजणींबरोबर पुन्हा निवडीच्या रांगेत उभी राहिली. जागेची हमी कुणालाच नव्हती. अशा वेळी बाजूला झाली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. ती थांबली, खेळली आणि निवडली गेली. नव्या संघात विकी राइट, जेनिफर डॉड्स, हेली डफ आणि राखीव मिली स्मिथ. यातली राइट ही परिचारिका, कोविडच्या काळात रुग्णालयात कामाला परतलेली. नोव्हेंबरमध्ये लिलहॅमरला या संघाने युरोपियन सुवर्ण जिंकलं आणि डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या लीवार्डनच्या पात्रता स्पर्धेतून बीजिंगचा रस्ता धरला.

बीजिंगही सरळ नव्हतं. साखळीत पाच विजय, चार पराभव. जपान आणि कॅनडाचंही तेच. आपसांतल्या सामन्यांनीही तिढा सुटेना, तेव्हा प्रत्येक सामन्याआधी शेवटच्या दगडाचा हक्क ठरवण्यासाठी जे दगड मध्याकडे सोडतात, त्यांची अंतरं मोजली गेली. त्यात कॅनडा बाहेर गेला. उपांत्य सामन्यात स्वीडनने पहिल्याच एंडला चार गुण घेतले. 4-0. तिथून ब्रिटन जादा एंडमध्ये 12-11 असं जिंकलं. 20 फेब्रुवारीला अंतिम सामन्यात समोर पुन्हा फुजिसावाचाच जपान, आणि या वेळी 10-3. सातव्या एंडला म्युरहेडने चार गुणांचा दगड सोडला तेव्हा मी खुर्चीवरून उठले होते. 2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीला रोना मार्टिनच्या संघाने मिळवलेल्या सुवर्णानंतर वीस वर्षांनी ब्रिटनच्या महिलांना हे पदक मिळत होतं.

त्याच वसंतात बॉबी लॅमीबरोबर मिश्र दुहेरीचं जागतिक विजेतेपद आणि ऑगस्टमध्ये निवृत्ती. वय बत्तीस. पुढे 2026च्या मिलान-कोर्टिना ऑलिंपिकसाठी ब्रिटनच्या पथकाचं प्रमुखपद तिच्याकडे आलं.

संपादक महोदय, महिलांचं कर्लिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेच 1998ला, नागानोत. तिथे सुवर्ण जिंकणारी कॅनडाची स्किप सँड्रा श्मिर्लर दोन वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कर्करोगाने गेली. या खेळातल्या बायकांच्या कहाण्या अशा आहेत आणि त्या चार वर्षांतून एकदा, अर्ध्या चौकटीत बसत नाहीत. मला रोज अर्धं पान नको आहे. जागतिक किंवा युरोपियन स्पर्धा झाली की चार ओळी द्या. कोण हरलं, कोण संघातून वगळलं गेलं, कोण दुखापतीतून परतलं, एवढं कळलं तरी पुढच्या पदकाच्या दिवशी वाचकाला ते नाव ओळखीचं वाटेल.

आणखी एक विनंती. संघाची बातमी देताना स्किपबरोबर बाकीच्या तिघींचीही नावं छापा. बीजिंगच्या त्या संघात हेली डफ पहिले दोन दगड सोडायची आणि मग उरलेल्या सहांसाठी ब्रश घेऊन दगडापुढे धावायची. तिचं नाव मला फार थोड्या बातम्यांत सापडलं.

आपली,
एक नियमित वाचक